श्रॉपशायरची आजी आणि कोल्ह्याचा हातमोजा

घरात हृदयाचं जुनं दुखणं असलेलं कुणी असेल, तर ही गोळी तुम्ही पाहिली असेल. बारकी, पांढरी, हातातून निसटली तर सापडायची नाही अशी. नाव डिजॉक्सिन. आपल्याकडचे बरेच डॉक्टर ती लिहून देताना एक वेगळीच सूचना करत आले आहेत. आठवड्यातून पाचच दिवस घ्यायची, शनिवार-रविवार सुट्टी! मग घरोघरी कॅलेंडरवर फुल्या मारल्या जातात आणि "आज शनिवार ना, ती बारकी नको" अशी आठवण केली जाते.

गोळीला सुट्टी कशासाठी? तर हे औषध शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. रोज थोडं थोडं साचत गेलं, की तेच विष होतं. गुण येण्याची मात्रा आणि अपाय होण्याची मात्रा यांच्यामध्ये इतकी पातळ भिंत असलेली औषधं फार नाहीत.

आणि गंमत म्हणजे ही गोळी आजही एका झाडाच्या पानांतूनच काढतात. त्या झाडाची एक बहीण आहे. ती इंग्लंड-आयर्लंडमधल्या खेडुतांच्या परसात शतकानुशतकं आपली आपण उगवत आलेली आहे. तिचं नाव फॉक्सग्लव्ह, म्हणजे शब्दशः कोल्ह्याचा हातमोजा. आज तिच्याबद्दल लिहायचं आहे. आणि तिच्या गोष्टीत एका ओळीपुरती येऊन जाणाऱ्या एका म्हातारीबद्दलही.

तिळाचं फूल पाहिलंय? नसेल तर एकदा जरूर पाहा. फिकट जांभळट रंगाची, खाली कललेली छोटीशी घंटा. तीच घंटा तिप्पट-चौपट मोठी करा, गडद गुलाबी-जांभळी रंगवा आणि अशा पन्नाससाठ घंटा माणसाच्या उंचीच्या एका दांड्यावर एकाच बाजूला लटकवा. झालं फॉक्सग्लव्ह. आपल्याकडे हिंदीत याला तिलपुष्पी म्हणतात ते उगाच नाही. प्रत्येक घंटेच्या आत, ओठावर गडद ठिपके, त्यांच्याभोवती पांढरी कडा. भुंगा येतो तो नेहमी सगळ्यांत खालच्या फुलात शिरतो आणि एकेक पायरी चढत वर जातो. त्यालाही कारण आहे. खालची फुलं आधी उमललेली, त्यांच्यात मध जास्त आणि परागकण घेण्याची त्यांची वेळ झालेली. वरची फुलं ताजी, ती परागकण देणारी. भुंगा वरून पराग अंगावर घेऊन उडतो आणि दुसऱ्या झाडाच्या तळमजल्यावर उतरतो. चोख व्यवहार!

झाड दोन वर्षांचं. पहिल्या वर्षी जमिनीलगत नुसता लवदार पानांचा झुबका. याच वयात ते कॉम्फ्री नावाच्या एका वनस्पतीसारखं दिसतं, आणि त्या समजुतीने पानांचा चहा करून प्यायलेली माणसं इस्पितळात पोचल्याच्या नोंदी आहेत. दुसऱ्या वर्षी दांडा वर येतो, फुलतो, बी धरतो आणि बहुतेक वेळा झाड मरून जातं. जाताना हजारो बिया सांडून जातं. बी इतकं बारीक, की फुंकरीने उडावं. त्याला रुजायला उजेड लागतो. उजेड नसेल तर ते मातीत नुसतं पडून राहतं. मग एखाद्या वर्षी रानातली मोठी झाडं तोडली जातात, ऊन जमिनीवर पोचतं आणि पुढच्या एकदोन वर्षांत अख्खा उतार जांभळा होऊन जातो.

खेडुतांच्या परसात ते शिरलं तेही असंच. कुणी बोलावलं नव्हतं. इंग्लंडमधली 'कॉटेज गार्डन' म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बिस्किटाच्या डब्यावरचं चित्र येतं. गवताने शाकारलेलं छप्पर, दारावर गुलाब, कुंपणाशी फॉक्सग्लव्ह आणि हॉलीहॉक. हे चित्र बरंचसं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तयार झालं. हेलन अॅलिंगहॅम या चित्रकर्तीने सरे परगण्यातली अशी घरं जलरंगात रंगवली. विल्यम रॉबिन्सन, गर्ट्रूड जेकिल यांच्यासारख्यांनी रानफुलांना श्रीमंतांच्या बागेत मानाची जागा दिली. पण ज्यांची ती घरं, त्यांचं परस म्हणजे आपल्याकडच्यासारखंच कामाचं ठिकाण होतं. कोबी, बटाटे, वाटाणे, कोंबड्या, एखादं डुक्कर आणि उरलेल्या कोपऱ्यात औषधाला लागणारा पाला. तुळशीमागे अडुळसा, न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि गवती चहा, तसंच. या कोपऱ्याची मालकीण घरातली बाई. कुठलं उगवलेलं ठेवायचं आणि कुठलं उपटायचं हे तिने ठरवायचं. फॉक्सग्लव्ह तिने ठेवलं.

आता नावाची गंमत. कोल्ह्याला हातमोजा कशाला? या प्रश्नाने भल्याभल्यांना छळलं आहे. १८४७ साली हेन्री फॉक्स टॅल्बट (तोच, छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक) याने एक तोडगा काढला. मुळात तो 'फॉक्स' नव्हेच, तो 'फोक', म्हणजे 'लोक'. आणि लोक म्हणजे परीलोक. तेव्हा हा पऱ्यांचा हातमोजा! कल्पना इतकी गोड होती की ती आजही पुस्तकापुस्तकांतून फिरते. अडचण एवढीच, की जुन्या इंग्रजीतल्या वनस्पतींच्या यादीत हे नाव 'फॉक्सेस ग्लोफा' असं स्वच्छ सापडतं. म्हणजे कोल्हाच तो. नॉर्वेतही या फुलाचं नाव 'कोल्ह्याची घंटा' अशाच अर्थाचं आहे. ज्याच्या स्वतःच्या नावात फॉक्स, त्यानेच फुलातला फॉक्स काढून टाकावा हे मात्र भारी.

लोकांनी मात्र कोल्हा ठेवून त्याच्याभोवती गोष्ट रचली. दुष्ट पऱ्यांनी कोल्ह्याला ही फुलं दिली. ती पंजांत घातली की पाऊल वाजत नाही आणि कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत सुखाने जाता येतं. आतले ठिपके म्हणजे पऱ्यांच्या बोटांचे ठसे. वेल्श भाषेत 'कुत्र्याची बोटं', आयरिशमध्ये पूका नावाच्या भुताची 'अंगुस्तानं', स्कॉटलंडमध्ये 'मेलेल्या माणसाच्या घंटा'. बोटात घालून बघण्याचा मोह सगळीकडच्या पोरांना होत आला आहे. आपण नाही का गुलमोहोराच्या कळीची सालं नखांवर चिकटवून चेटकीण व्हायचो! १५४२ साली लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याने आपल्या ग्रंथात या झाडाला लॅटिन नाव दिलं तेही त्याच्या भाषेतल्या शिंप्याच्या अंगुस्तानावरूनच, डिजिटॅलिस. आजच्या गोळीच्या नावातलं 'डिज' ते हे.

आयर्लंडमध्ये याला 'लुस मोर', म्हणजे थोर वनस्पती, म्हणतात. क्रॉफ्टन क्रोकरने १८२५ साली छापलेल्या आयरिश लोककथांत या नावाचाच एक नायक आहे. पाठीला कुबड असलेला गरीब माणूस. टोपीत नेहमी या फुलाचा तुरा खोचायचा, म्हणून सगळे त्याला लुसमोर म्हणत. एका रात्री टेकडीच्या पोटातून त्याला गाणं ऐकू येतं. पऱ्या नुसतं 'सोमवार, मंगळवार' एवढंच आळवत असतात. तो चालीत, हळूच 'आणि बुधवार' जोडून देतो. त्या खूश होऊन त्याचं कुबड काढून घेतात. मग दुसरा एक कुबडा हे ऐकून जातो, ताल-सूर न बघता मध्येच वार ओरडतो आणि पाठीवर दोन कुबडं घेऊन परत येतो. आपल्याकडच्या आज्या सांगतात तसलीच गोष्ट.

पण आयर्लंडच्या या पऱ्या म्हणजे पंख लावलेल्या नाजूक मुली नव्हेत. कोकणातल्या देवचारांना, आसरांना माणसं जशी बिचकून असतात, तशीच तिथली माणसं त्यांना बिचकून असत. थेट नाव घ्यायचं नाही, 'ती भली मंडळी' म्हणायचं. ती भली मंडळी माणसाचं मूल पळवून नेते आणि त्याच्या जागी तसंच दिसणारं आपलं एक ठेवून जाते, असा समज होता. मूल खुरटत चाललं, बोलेना, चालेना, रात्रंदिवस रडू लागलं, की शेजारीपाजारी कुजबुज सुरू होई. हे आपलं नव्हेच, बदललेलं आहे. आणि खरं-खोटं करण्याच्या उपायांत एक उपाय या लुस मोरचा होता. पाला मुलाच्या अंगाखाली ठेवायचा, अंघोळीच्या पाण्यात घालायचा, नाहीतर रस पाजायचा. परीचं असेल तर निघून जाईल.

आजारी, आधीच अशक्त मूल आणि फॉक्सग्लव्हचा रस. उलट्या होतात, नाडी मंदावते, हृदयाचा ताल बिघडतो. अशी मुलं कधीकधी खरोखरच 'निघून' गेली असणार. आणि घरच्यांनी एकमेकांना समजावलं असणार की गेलं ते आपलं नव्हतंच.

लोककथांच्या गोड पुस्तकात हे पान सहसा नसतं. पण ते तिथून काढून टाकलं तर आपण खोटं बोलतो असं मला वाटतं. १८९५ साली टिपररी परगण्यात ब्रिजिट क्लिअरी नावाची तरणीताठी बाई तिच्या नवऱ्याने जाळून मारली. ही माझी बायको नव्हे, बदललेली आहे, असं म्हणत. जाळण्याआधी घरच्यांनी तिला धरून पाल्याचं औषध दुधातून बळजबरीने पाजलं होतं. हे मध्ययुगात घडलेलं नाही. तेव्हा पुण्यात टिळक 'केसरी' चालवत होते.

आता याच फुलाची दुसरी बाजू.

१७७५ साल. विल्यम विदरिंग हा श्रॉपशायरमध्ये जन्मलेला, चौतिशीतला डॉक्टर. एडिंबरोत शिकत असताना त्याला वनस्पतिशास्त्राचा कंटाळा होता. पुढे हेलेना कुक्स या त्याच्या पेशंटला फुलांची चित्रं काढायची आवड होती, म्हणून तो तिच्यासाठी रानोमाळ फुलं गोळा करू लागला. तिच्याशीच त्याचं लग्न झालं आणि पुढे त्याने ब्रिटनमधल्या वनस्पतींवर इंग्रजीतून मोठा ग्रंथ लिहिला. तर या डॉक्टरकडे कुणीतरी एक घरगुती नुस्खा मत विचारायला आणला. अंगात पाणी होऊन सूज येण्याचा जो रोग, ज्याला तेव्हा ड्रॉप्सी म्हणत, त्यावरचा. श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीने तो बराच काळ गुप्त ठेवला होता. भल्या भल्या डॉक्टरांनी हात टेकलेले काही रोगी तिच्या औषधाने बरे होत. मात्र औषध घेतलं की उलट्या आणि जुलाब भयंकर व्हायचे.

नुस्ख्यात वीसेक किंवा त्याहून जास्त वनस्पती होत्या. विदरिंगने यादी वाचली आणि ओळखलं की गुण आहे तो फक्त फॉक्सग्लव्हचा. ज्याने पानंफुलं हाताळली आहेत त्याला हे कळणं फारसं अवघड नव्हतं, असं त्याने नम्रपणे लिहून ठेवलंय. पण १५९७ साली जॉन जेरार्डने आपल्या गाजलेल्या वनौषधी ग्रंथात हे झाड औषधात निरुपयोगी ठरवलं होतं, हे लक्षात घेतलं की म्हातारीची किंमत कळते. जे पंडितांच्या पुस्तकात नव्हतं ते तिच्या कढईत होतं.

मग विदरिंगने काय केलं? इथे गोष्ट खरी सुरू होते. बर्मिंगहॅममध्ये तो वर्षाला दोनतीन हजार गरीब रोग्यांना फुकट तपासत असे. त्यांच्यावर त्याने हे औषध वापरून पाहिलं. आधी मात्रा फार मोठ्या दिल्या, ते त्याने स्वतःच सांगितलंय. म्हणजे त्याच्या शिकण्याची किंमत त्या गरिबांच्या पोटांनी मोजली, हेही विसरायला नको. मग एकेक गोष्ट त्याच्या लक्षात येत गेली. मूळ घेतलं तर वर्षाच्या प्रत्येक मोसमात त्याची ताकद वेगळी. पानं घ्यावीत, तीही झाड फुलायच्या वेळी. पानं उकळली तर ताकद बदलते, म्हणून वाळवून भुकटी करावी. भुकटी किती? एक ते तीन ग्रेन, दिवसातून दोनदा. एक ग्रेन म्हणजे साधारण पासष्ट मिलिग्रॅम, चिमटीचीही चिमटी! उलट्या होईपर्यंत द्यायचं, हा सगळ्यांचा समज त्याने खोडून काढला. मळमळ सुरू झाली, नाडी मंदावली, की थांबायचं. लघवी सुटून सूज उतरते ती उलट्यांमुळे नव्हे, तर त्या होण्याच्या आधीच्या मात्रेत, हे त्याने पकडलं. हृदयाच्या गतीवर या औषधाची सत्ता चालते आणि त्याचा पुढे उपयोग करता येईल, हेही त्याने नोंदवून ठेवलं.

दहा वर्षं हे चाललं. १७८५ साली त्याने फॉक्सग्लव्ह आणि त्याचे काही वैद्यकीय उपयोग अशा अर्थाच्या शीर्षकाचं पुस्तक काढलं. त्यात दीडशेहून जास्त रोग्यांची हकिकत आहे. बरे झालेले, न झालेले, मेलेले, सगळे. प्रस्तावनेत तो म्हणतो त्याचा आशय असा: निवडक केसेस छापल्या असत्या तर औषधाचा आणि माझाही गाजावाजा झाला असता, पण सत्याला ते पटलं नसतं. मला या सगळ्या प्रकरणातली ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. फॉक्सग्लव्ह ओळखलं याच्यापेक्षाही मोठी.

श्रेयाची भांडणं मात्र लगेच सुरू झाली. इरॅस्मस डार्विन, म्हणजे चार्ल्स डार्विनचे आजोबा. विदरिंगला बर्मिंगहॅमला यायचं सुचवणारे तेच. पण त्यांनी १७८० साली, अकाली वारलेल्या आपल्या मुलाचा प्रबंध छापताना त्याला फॉक्सग्लव्हच्या केसेस जोडून दिल्या आणि विदरिंगचं नाव काही घेतलं नाही. मैत्री संपली. दोन मोठी माणसं, शोध कुणाचा यावरून आयुष्यभर रुसलेली. आणि ज्या बाईकडे तो आधीपासून होता, तिचं नाव दोघांनाही विचारावंसं वाटलं नाही. विदरिंगच्या पुस्तकात ती 'श्रॉपशायरमधली एक म्हातारी' एवढीच आहे. तिची भेट झाल्याचंही त्यात नाही. डॉक्टरपर्यंत पोचला तो नुस्खा. बाई मागेच राहिली.

पुढचा भाग तर अजूनच मजेदार. तुम्ही इंटरनेटवर शोधलंत तर या बाईचं नाव सापडेल. मदर हटन! म्हणे ती वनस्पती जाणणारी, औषधं करणारी, विदरिंगने तिच्याकडून सोन्याची नाणी देऊन नुस्खा विकत घेतला वगैरे. हे नाव आलं कुठून? तर १९२८ साली पार्क-डेव्हिस या अमेरिकन औषध कंपनीच्या जाहिरातीतून. जाहिरातीत चित्र होतं: आजी, डॉक्टर, हातात पाला. चित्राला नाव हवं, म्हणून हटन. डेनिस क्रिक्लर या हृदयरोगतज्ज्ञाने १९८५ साली, विदरिंगच्या पुस्तकाला दोनशे वर्षं झाली तेव्हा, हा माग काढला. तोवर आजी पुस्तकांत, लेखांत, भाषणांत स्थिरावली होती, आणि अजूनही आहे.

म्हणजे बघा, खऱ्या बाईला नाव मिळालं नाही आणि ज्या बाईला नाव मिळालं ती खरी नाही. बिस्किटाच्या डब्यावरच्या कॉटेजचंही तेच झालं. ज्या घरांत ओल होती, दारिद्र्य होतं, पोरं मरत होती, ती घरं चित्रात शिरताना नुसती गुलाबांची झाली. आपल्याला जुनं आवडतं, पण धुऊन-पुसून घेतलेलं.

हे सगळं तिकडचं, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. पण मला या फुलाची गोष्ट वाचताना सारखा आपला 'आजीबाईचा बटवा' आठवत राहतो. त्यावरून आपल्याकडे कायम दोन तट पडतात. एक म्हणतो, पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, आधुनिक डॉक्टरांनी फक्त चोरलं. दुसरा म्हणतो, सगळा अडाणीपणा, फेकून द्या. श्रॉपशायरच्या म्हातारीने दोघांचीही पंचाईत करून ठेवली आहे.

पहिल्याला ती सांगते, की बाबा, माझ्या काढ्यात वीस पाले होते आणि त्यातला कुठला काम करतो हे मलाही सांगता आलं नसतं. त्याच पाल्याचा रस शेजारच्या देशात मुलांना पाजत होते. तोही परंपरेचाच उपाय होता, तोही आज्याच करत होत्या. जुनं आहे एवढ्याने ते औषध ठरत नाही. आणि दुसऱ्याला ती सांगते, की तुझ्या पंडितांनी ज्याला निरुपयोगी म्हणून पुस्तकातून काढलं, त्यात गुण आहे हे मी पाहिलं होतं. दोनशे वर्षं तुमची शास्त्रं माझ्या परसात उगवलेल्या पानावर काम करत बसली.

आणि खरंच बसली. १८६९ मध्ये नातिव्हेल या फ्रेंच माणसाने पानातलं सत्त्व स्फटिकरूपात वेगळं केलं. १९३० मध्ये सिडनी स्मिथने याच कुळातल्या, फिकट फुलांच्या बहिणीतून डिजॉक्सिन काढलं. १९५७ मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी पेशीतलं सोडियम-पोटॅशियमचा पंप चालवणारं प्रथिन शोधलं. डिजॉक्सिन नेमकं तिथेच जाऊन बसतं. १९९७ मध्ये स्को यांना नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी सहा हजार आठशे रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. डिजॉक्सिनने इस्पितळात भरती होण्याची वेळ कमी येते, पण आयुष्य वाढत नाही. सगळ्यांना वाटलं, संपली आता म्हातारीची सद्दी. पण २०२५ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, सर्बियातल्या रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात फॉक्सग्लव्हमधल्याच डिजिटॉक्सिन या दुसऱ्या सत्त्वाने, हृदय कमजोर झालेल्यांमध्ये मृत्यू आणि भरती यांचा एकत्रित धोका कमी झाला. अडीचशे वर्षं झाली, हिशेब अजून मिटलेला नाही.

दुसऱ्या महायुद्धात तर ब्रिटनमध्ये औषधांची आयात तुटली, तेव्हा सरकारने १९४१ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत वनौषधी समित्या स्थापल्या. खेड्यातल्या महिला मंडळांनी आणि शाळकरी पोरांनी पोती भरभरून फॉक्सग्लव्हची पानं तोडून, वाळवून दिली. पुन्हा बायकाच, आणि पुन्हा बिननावाच्या.

आपल्या परसात फॉक्सग्लव्ह नसलं तरी त्याच्या स्वभावाची नातलग आहेच. कण्हेर. देवळाच्या आवारात हमखास असते, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणालाही. आणि पिवळी कण्हेर, म्हणजे आपली बिट्टी, जिच्या फळांशी कोकणातली पोरं खेळतात. या दोघींच्या विषाची जात डिजॉक्सिनचीच, हृदयावर जाऊन बसणारी. इतकी सख्खी, की डिजॉक्सिनच्या विषबाधेवर तयार केलेला उतारा पिवळ्या कण्हेरीच्या विषावरही चालतो. श्रीलंकेतल्या डॉक्टरांच्या सहभागाने झालेल्या चाचणीत हे २००० साली दाखवून दिलं गेलं. आपल्या आज्या कण्हेर देवाला वाहायच्या, पण पोरांना "हात धू आधी" म्हणायच्या. एवढ्याशा वाक्यात केवढं ज्ञान आहे! फक्त ते कुणी लिहून घेतलं नाही.

म्हणून मला वाटतं, आजीच्या बटव्याबद्दल नुसता अभिमान बाळगणंही सोपं आणि नुसतं हसणंही सोपं. अवघड आहे ते विदरिंगने केलेलं अर्धं काम आणि त्याने न केलेलं अर्धं. घरात अजून कुणी अशी बाई असेल, जिला पाला कळतो, तर जवळ जाऊन बसावं. कुठला पाला, कुठल्या महिन्यात तोडायचा, किती घ्यायचा, हे विचारावं. मग न लाजता हेही विचारावं, की कुणाला गुण आला नाही, कुणाला त्रास झाला. ते सगळं वहीत लिहावं. आपल्या अंगावर प्रयोग करायला नव्हे. ते जाणकारांवर सोडावं.

आणि वहीच्या पहिल्या पानावर, सगळ्यात आधी, तिचं नाव लिहावं. पूर्ण नाव, गावासकट.